ऑर्क आले कुठून? मिडल-अर्थमधली झाडं, जनावरं आणि दुष्टपणा

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या मिडल-अर्थ या कल्पित जगातल्या झाडांचं मूळ शोधत गेलं, तर आपण बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल खेड्यात पोचतो. टॉल्किन १८९२ साली ब्लूमफाँटेनला जन्मले. वडील वारल्यावर आई दोन्ही मुलांना घेऊन १८९६ मध्ये सेअरहोलला राहायला आली. तिथल्या पाणचक्कीच्या तळ्यावर विलोचं एक झाड ओणवलेलं होतं, टॉल्किन त्यावर चढायला शिकले. एक दिवस ते तोडलं गेलं. ओंडका तसाच पडून राहिला, त्याचा उपयोगही कुणी केला नाही. ही गोष्ट आपण कधीच विसरलो नाही, असं ते पुढे सांगत.

पण त्यांच्या जंगलात सगळी झाडं साधुसंत नाहीत, आणि मला त्यातच खरी गंमत वाटते. प्रवाशांना खोडाच्या भेगेत ओढून घेणारा ओल्ड मॅन विलो 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्यांच्या मोठ्या कादंबरीच्या कितीतरी आधी, १९३४ च्या एका कवितेतच आला होता. झाडांचे राखणदार 'एंट' मात्र उशिरा सापडले. त्यांच्यातला थोरला ट्रीबिअर्ड पहिल्या खर्ड्यांत गँडाल्फ या जादूगाराला कोंडून ठेवणारा दुष्ट राक्षस होता! पुढे तोच जंगलतोडीविरुद्ध उठणारा म्हातारा झाला. यामागे शाळकरी वयातली एक निराशाही आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये बर्नमचं अरण्य चालून येणार, असं भाकीत आहे. प्रत्यक्षात फांद्या धरलेले सैनिक येतात. टॉल्किन यांना खरीखुरी झाडंच चालून यायला हवी होती.

प्राण्यांची वंशावळ सोपी आहे. बोलणारा, सोन्यावर लोळणारा ड्रॅगन आला नॉर्स कथांतल्या फाफ्निरकडून आणि जुन्या इंग्रजी 'बेओवुल्फ' या काव्यामधून. ऑर्क, म्हणजे खलनायकांच्या सैन्यातले क्रूर शिपाई, हे नावही 'बेओवुल्फ'मधल्या एका शब्दावरून घेतलेलं. 'द हॉबिट' या आधीच्या कादंबरीमधले मोठाले कोळी मात्र घरचे: टॉल्किन यांच्या एका मुलाला कोळ्यांची किळस होती, त्याला घाबरवायला ते घातले.

अवघड आहे ती दुष्टपणाची गोष्ट. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून आजारी होऊन परतल्यावर टॉल्किन यांनी ज्या पहिल्या कथा लिहिल्या, त्यांत खलनायक मेल्को जमिनीतली उष्णता आणि चिखल यांतून ऑर्क सरळ तयार करतो. पण टॉल्किन निष्ठावान कॅथलिक होते. सृष्टी मुळात चांगली, दुष्टाला नवं काही निर्माण करता येत नाही, तो असलेलंच बिघडवतो, ही संत ऑगस्टीनपासून चालत आलेली शिकवण त्यांच्या जगातही रुजली. १९५५ पर्यंत 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नायक फ्रोडो हेच बोलू लागला होता. मग जुना चिखल बाद झाला आणि प्रश्न उभा राहिला: ऑर्क बिघडवले, तर कुणाला बिघडवून? एल्फ, म्हणजे त्या जगातले सुंदर, अमर लोक? माणसं? की ते नुसते शिकवलेले पशू? आणि त्यांना आत्मा असेल, तर सुधारायची संधी का नाही?

आपल्या वाचकाला हा प्रश्न लगेच बोचतो. आपल्याकडे असुरकुळात प्रल्हाद जन्मतो, बिभीषण रावणाला सोडून रामाकडे येतो. टॉल्किन यांच्या कादंबरीत बाजू बदलणारा एकही ऑर्क नाही. ते आपसांत भांडतात, वरिष्ठांना शिव्या घालतात, लढाईनंतर कुठेतरी निवांत राहायची स्वप्नंही पाहतात. म्हणजे बऱ्यावाइटाची समज त्यांना आहे. तरीही ते बाणांचं खाद्यच राहतात. माझ्या मते एवढ्या भव्य रचनेतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

टॉल्किन यांनाही तो खटकत होता. १९५४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने त्यांच्या जगातल्या धर्मतत्त्वांवर शंका काढल्या. टॉल्किन यांनी लांबलचक उत्तराचा खर्डा केला, त्यात ऑर्कांवरही लिहिलं, पण ते पत्र कधी पाठवलंच नाही. नंतरच्या टिपणांत ते कधी एल्फकडून माणसांकडे, कधी पशूंकडे वळले. १९७३ मध्ये ते वारले, तोवर निकाल लागला नव्हता. १९७७ मध्ये मिडल-अर्थच्या पुराणकथांचं 'द सिल्मरिलियन' हे पुस्तक छापताना मुलगा ख्रिस्तोफर यांनी एल्फांना पकडून, छळून ऑर्क बनवल्याची कथा घेतली. वडिलांची उलटसुलट टिपणं त्यांनी १९९३ मध्ये 'मॉर्गोथ्स रिंग' या खंडात छापली. ऑर्क मुळात माणसं होती, असं म्हणणाऱ्या वाचकालाही आता टॉल्किन यांचाच हवाला देता येतो.