ठिपक्यांतलं शेत : बिंदुवादी निसर्गचित्रामागचा इतिहास

कोल्हापुरात निसर्गचित्राचा विषय निघाला की पहिलं नाव आबालाल रहिमान यांचं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते 1880 च्या दशकात शिकले, पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ रंगवत राहिले. त्याच दशकात पॅरिसमध्ये झॉर्झ सरा हा तरुण पॅलेटवर रंग कालवण्याऐवजी कॅनव्हासवर शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवत होता. हाच बिंदुवाद.

या पद्धतीचं मूळ पॅरिसमधल्या गोबलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या विणकामशाळेत आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रंगकामाचे प्रमुख शेव्हरल यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मळकट दिसत होता. शेजारचा रंग बदलला की रंगाचा भासही बदलतो, हे सांगणारा त्यांचा ग्रंथ 1839 साली आला आणि पुढे सराने तो अभ्यासला.

सराचं ‘ला ग्रांद जात’ 1886 साली प्रदर्शनात लागलं. विषय शहरी लोकांचा रविवार. ठिपके शेताशिवारात नेले ते कामीय पिसारो या फ्रान्समधल्या चित्रकाराने. तेव्हा पन्नाशी उलटलेली असूनही एराग्नी गावातली कुरणं, सफरचंदाची तोडणी त्याने या पद्धतीने रंगवली. काम अतिशय संथ. हाताची ऊर्मीच आटते म्हणून साधारण 1890 पर्यंत त्याने ती सोडली.

आपल्याकडे हे करायचं तर खरी परीक्षा उसाच्या हिरव्याची. पिवळा आणि निळा ठिपका शेजारी ठेवला की लांबून हिरवंगार दिसेल, हा समज चुकीचा आहे. डोळा दोन्हींची सरासरी धरतो आणि रंग राखाडीकडे झुकतो. सरानेही गवतात हिरव्याच्याच अनेक छटा वापरल्या. उन्हात पिवळे-नारिंगी ठिपके, सावलीत निळे. करवीरच्या शिवारात उन्हाचा पाला पिवळट आणि सरीतली सावली निळसर दिसतेच. त्या सावलीत थोडा तांबूस ठिपका पडला की हिरवा उठतो.

रंगाची ट्यूबही पारखून घ्यावी. सराने वापरलेला झिंक यलो हा पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडला आणि त्याच्या गवतावरचं ऊन काळवंडलं.