व्हिक्टोरिया क्रॉस आणि रशियन तोफांची कथा

व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचं प्रत्येक पदक क्रायमियातल्या सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या रशियन तोफांच्या धातूचं असतं, हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय, पण ते तसं नाहीये. लंडनमधल्या वुलिचच्या ज्या दोन तोफांच्या मागच्या टोकाचे गोळ्यासारखे भाग कापून धातू काढला म्हणतात त्या चिनी घडणीच्या आहेत, आणि एक्स-रे तपासणीत वेगवेगळ्या काळातल्या पदकांचं ब्रॉन्झही वेगळं निघालं, मग एकच तोफ कुठून आली? रशियाविरुद्धच्या क्रायमियन युद्धाच्या शेवटी शेवटी 1856 मध्ये पदक सुरू झालं एवढं मात्र खरंय. दिसायला अगदी साधं, काळपट तपकिरी क्रॉस, मुकुटावर सिंह, खाली ‘फॉर व्हॅलर’. भारतीय शिपाई त्यासाठी 1911 पासून पात्र झाले, आणि आपल्या मराठा रेजिमेंटच्या यशवंत घाडगेंना 1944 च्या इटलीतल्या लढाईसाठी ते मिळालं, तेही मरणोत्तर.