गल्लीत दिवा हवाय? अर्ज कुठे, कोणी आणि काय जोडून करायचा

‘दिवा बंद आहे’ आणि ‘दिवाच नाही’ ही दोन वाक्यं महापालिकेत दोन वेगळ्या टेबलांवर जातात. पहिली तक्रार. ती ॲपवर किंवा हेल्पलाइनवर नोंदवायची, मग ठेकेदाराचा माणूस शिडीची गाडी घेऊन येतो आणि दिवा बदलतो. दुसरी मागणी. तिच्यात नवा खांब आला, केबल आली, अंदाजपत्रक आलं, बजेटमधली तरतूद आली. लोक दुसरी गोष्ट पहिल्या रस्त्याने मागत राहतात आणि ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला की चिडतात. आमच्या गल्लीची तक्रार अशी तीनदा निकाली निघाली, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं. सगळे खांब चालू होते. अंधार होता तो दोन खांबांच्या मधे, कडुलिंबाखाली.

त्यामुळे आधी संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारा. दिवा बंद असेल तर खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून तक्रार करा, अर्जाची गरज नाही. पुण्यात त्यासाठी 1800 1030 222 हा नंबर आहे, मुंबईत 1916. मुंबईत रस्त्यावरचे दिवे वीजकंपन्या सांभाळतात: शहर भागात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दिवा चालू आहे पण फांद्यांनी झाकलाय, तर अर्ज उद्यान विभागाकडे, छाटणीसाठी. फांदी आपणच तोडू नका. 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार शहरात त्याला परवानगी लागते. खांबच नसेल किंवा दोन खांबांत फार अंतर असेल, तरच पुढची सगळी खटपट.

अर्ज कोण करू शकतं? तिथे राहणारा कोणीही. घर नावावर असायला हवं असं नाही, भाडेकरूही करू शकतो. फी नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर, कमिटीच्या ठरावासह दिलेला अर्ज जास्त वजनदार ठरतो हे मात्र खरं.

खरी अट माणसाची नाही, रस्त्याची आहे. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे (मुंबई सोडून इतरत्र) महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 63 नुसार महापालिकेचं बंधनकारक काम आहे. पण रस्ता सार्वजनिक हवा. बरेचसे अर्ज इथेच अडकतात. जुन्या लेआउटमधला रस्ता बिल्डरने किंवा सोसायटीने महापालिकेकडे हस्तांतरित केलेलाच नसतो. सगळं गाव त्यावरून जात असलं तरी कागदावर तो खासगीच. मग शेरा येतो, ‘रस्ता मनपाच्या ताब्यात नाही’. म्हणून अर्जाआधी क्षेत्रीय कार्यालयात (वॉर्ड ऑफिसात) कनिष्ठ अभियंत्याला हा एकच प्रश्न विचारून घ्या. उत्तर ‘नाही’ आलं तर आधी हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो, मंजूर लेआउटची प्रत जोडून. रस्ता महामार्गाचा असेल तर अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, औद्योगिक वसाहतीत असेल तर एमआयडीसीकडे.

गावात मामला सोपा आहे. घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर भरला जातो, तेव्हा अर्ज सरळ ग्रामपंचायतीत द्या आणि ग्रामसभेत विषय मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आता कागदपत्रं. कुठलाही ठरीव नमुना सहसा नसतो. साध्या कागदावर, क्षेत्रीय कार्यालयाच्या विद्युत विभागाच्या नावे अर्ज चालतो. पत्त्याचा पुरावा जोडावा (वीजबिल पुरेसं), आधीच्या तक्रारींचे क्रमांक, रहिवाशांच्या सह्या, जागेचा नकाशा. मोबाइलवरच्या नकाशाची छापील प्रत आणि तिच्यावर लाल पेनाने केलेली फुली एवढंही चालतं. रात्रीचे फोटो जोडा, फ्लॅश न वापरता काढलेले. तिथे कुणी पडलं असेल किंवा अपघात झाला असेल तर पोलीस ठाण्यातल्या नोंदीची प्रत.

पण या सगळ्यापेक्षा उपयोगी पडतं ते मोजमाप. ‘आमच्या भागात प्रचंड अंधार असून ज्येष्ठ नागरिक व महिलांची गैरसोय होत आहे’ हे वाक्य अभियंत्याने हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी आम्ही चौथ्या खेपेला असं लिहिलं: ‘खांब क्र. 14 व 15 मधील अंतर टेपने मोजले असता 58 मीटर भरले. मध्ये कडुलिंब आहे. त्याखाली गटाराचे झाकण 10 सेंमी वर आलेले आहे. शाळेच्या दुपारच्या सत्राची मुले सायंकाळी येथूनच परततात. दोन्हींच्या मध्ये एक खांब मिळावा.’ हे वाचून पाहणीला येणं त्याला टाळता येत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक-जावक टेबलावर एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढे स्थळपाहणी होते, आणि ती नेमकी सकाळी अकराला. दिवसाउजेडी अंधाराची पाहणी! अर्जातच ‘पाहणी सायं. 7 नंतर व्हावी’ अशी विनंती लिहा; आमच्याकडे ती मान्य झाली. मग अंदाजपत्रक, मंजुरी, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश). वर्षअखेरीस या कामाच्या तरतुदीतले पैसे संपलेले असतात, म्हणून बजेट तयार होण्याआधी अर्ज गेलेला बरा. पुण्यात त्यासाठी वेगळी वाट आहे: 2006 पासून नागरिक अर्थसंकल्पासाठी थेट कामं सुचवू शकतात, एका कामाला 5 लाखांपर्यंत, आणि त्यात पथदिवेही बसतात. अर्ज साधारण पावसाळ्यात मागवतात.

दिव्याच्याच अर्जात गतिरोधक मागू नका. ते काम पथ विभागाचं, आणि वाहतूक पोलिसांचं मत घेऊन होतं. मागाल तेव्हा मापासह मागा: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्याला पांढरे पट्टे आणि आधी सूचनाफलक लागतो. रातोरात घातलेला सिमेंटचा उंचवटा अंधारात दुचाकीवाल्यालाच आडवा पाडतो.

काहीच हललं नाही तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार करा, किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात जा. तिथला अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि तो वैयक्तिक स्वरूपाचा लागतो, तेव्हा सह्यांचा गठ्ठा न देता एकाच्या नावाने द्या. त्यानंतर माहिती अधिकार: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘दिवा का लावला नाही’ असं विचारलंत तर ‘ही माहिती नव्हे’ असं उत्तर येईल. ‘आवक क्र. अमुक या अर्जावरील टिपणी, पाहणी अहवाल व सद्यस्थितीच्या प्रती मिळाव्यात’ असं मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प.