आशाताईंचा थकवा मोजायचा कसा?

प्राथमिक आरोग्य केंद्रातली मासिक बैठक. समोर खुर्चीत वैद्यकीय अधिकारी, शेजारी आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, खाली सतरंजीवर पंचवीस-तीस आशा. कुणाच्या मांडीवर रजिस्टरं, कुणी महिन्याच्या मोबदल्याचा हिशोब जुळवतंय, दोघी-तिघींचं लक्ष परतीच्या एसटीकडे. बैठक संपता संपता एक छापील कागद वाटला जातो. गेल्या महिन्यात कामाचा ताण किती वेळा आला, सकाळी उठताना थकल्यासारखं किती वेळा वाटलं, असे प्रश्न. नाव लिहिलं नाही तरी चालेल, पण गाव आणि उपकेंद्र लिहायचं. भरलेला कागद गटप्रवर्तकांकडे द्यायचा.

या कागदांतून काय निघेल? बहुतेकींचं उत्तम चाललंय, असंच निघेल. जिच्या सहीवर आपला मोबदला अवलंबून आहे, तिच्याच हातात ‘मला आता हे झेपत नाही’ असं लिहून कोण देईल?

देशात सुमारे १० लाख आशा आहेत, महाराष्ट्रात ७० हजार. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही रचना उभी राहिली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. त्यामागचा अनुभव बराचसा आपल्याकडचाच. जामखेडला १९७० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांमध्ये घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया तयार केल्या. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, झोळीच्या काट्यावर वजन करते, ताप बघते, आईला अंगावर पाजण्याबद्दल सांगते. हे गडचिरोलीत सिद्ध झालेलं कामच ती पुढे नेते आहे. या सहा भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात. ज्यांच्या पायांवर ही सगळी व्यवस्था चालते, त्या स्वतः कशा आहेत हे मोजणं मला लसीकरणाचे आकडे मोजण्याइतकंच गरजेचं वाटतं. मात्र ते मोजण्याचं एक शास्त्र आहे, आणि ते पाळलं नाही तर हातात येणारा आकडा दिशाभूल करतो.

न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाण्याबद्दल, पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. लोकांसाठी जीव तोडून राबणारेच एका टप्प्यावर आतून रिकामे होतात, हे त्याने स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर पाहिलं होतं. १९८१ मध्ये क्रिस्टिना मासलाक आणि सुझन जॅक्सन यांनी २२ विधानांची प्रश्नावली तयार केली. ती तीन गोष्टी मोजते: भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय ही जाणीव. ‘कधीच नाही’ला ०, ‘रोज’ला ६. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, अशी तिची व्याख्या केली. म्हणजे बर्नआउटचा शोध घेताना माणसाइतकंच त्याच्या कामाकडे बघावं लागतं.

अशा प्रश्नावल्या पगारदार, ठरलेल्या वेळेत काम करणाऱ्या माणसांना गृहीत धरतात. आशा त्याच गावची सून असते. तिचा पेशंट म्हणजे जाऊ, शेजारीण, मुलाच्या शाळेतल्या बाई. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या की त्या घरातून फोन येतो, मग १०८ ला कळवायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं, बरोबर जायचं, आणि पहाटे परतल्यावर चूल पेटवायचीच. ‘लोकांशी तुटकपणे वागता का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं म्हणजे आपल्याच माणसांशी तुटक वागतो, असं कबूल करणं. त्यामुळे कोरडेपणाचा आकडा कमी येऊ शकतो. आपल्यामुळे एक बाळ वाचलं याचा अभिमान तर मोठाच असतो, म्हणून तिसरा आकडाही चांगला येतो. थकवा मात्र पार टोकाला गेलेला असू शकतो. तिन्हींची सरासरी काढली तर अहवालात ‘मध्यम’ असं लिहिलं जाईल आणि खरी गोष्ट त्याखाली गाडली जाईल. मासलाक यांच्या पद्धतीत हे तीन आकडे वेगवेगळेच ठेवायचे असतात. ही साधी शिस्तसुद्धा पुष्कळदा पाळली जात नाही.

आशांसाठी मला कोपनहेगनची प्रश्नावली जास्त जवळची वाटते. २००५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ती प्रसिद्ध केली, वापरायला विनामूल्य आहे. तिच्यात १९ प्रश्न असून एकूण थकवा, कामामुळे आलेला थकवा आणि ज्यांची सेवा करतो त्यांच्यामुळे आलेला थकवा हे तीन भाग वेगळे आहेत. तरी तीही जशीच्या तशी चालत नाही. तिच्यातला एक प्रश्न असा, की फावल्या वेळात घरच्यांसाठी आणि मित्रमंडळींसाठी अंगात पुरेशी ताकद उरते का. सकाळी गृहभेटी, दुपारी कुणाच्या तरी शेतावर रोजंदारी, संध्याकाळी मोबाइलवर ऑनलाइन फॉर्म, अशा दिवसात फावला वेळ कुठला धरायचा? त्यात हा प्रश्न बाकीच्यांच्या उलट मोजतात. इतर ठिकाणी ‘नेहमी’ म्हणजे वाईट, इथे ‘नेहमी’ म्हणजे चांगलं. एसटी गाठायच्या घाईत रकान्यात सरळ खाली टिका मारत जाणारी इथे हमखास फसते.

यावर चांगला उपाय आहे. सर्वेक्षणाआधी सात-आठ आशांसोबत निवांत बसायचं, एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि विचारायचं, ‘ताई, हा प्रश्न तुम्हाला नेमकं काय विचारतोय असं वाटतं?’ उत्तर काय दिलं यापेक्षा ते कसं सुचलं, हे ऐकायचं. एका दिवसाच्या या कामात प्रश्नावलीतल्या बहुतेक चुका सापडतात. शिवाय ० ते ६ च्या मोजपट्टीपेक्षा ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस?’ हा प्रश्न कुणालाही सहज कळतो. अर्थात, मोजपट्टी बदलली की इतर अभ्यासांशी थेट तुलना करता येत नाही, हेही तेवढंच खरं.

तुलनेचं दुखणं तसं जगभर आहे. डॉक्टरांमधल्या बर्नआउटवरच्या १८२ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ४५ देश, १ लाखाहून अधिक माणसं. एकूण बर्नआउटचं प्रमाण कुठे ०, तर कुठे ८०.५ टक्के! कारण बर्नआउट कशाला म्हणायचं, याच्या या अभ्यासांमध्ये मिळून किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या होत्या. म्हणून ‘इतके टक्के आशा बर्नआउटने ग्रस्त’ अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच विचारावा: कुठली प्रश्नावली वापरली आणि रेघ कुठे मारली, म्हणजे कितीच्या पुढे बर्नआउट धरलं?

दुसरा प्रश्न, आशा निवडल्या कशा? समजा, १० आरोग्य केंद्रांमधून प्रत्येकी ३०, अशा ३०० जणींना विचारलं. ऐकायला भरपूर वाटतात. पण एका केंद्रातल्या आशांचा डॉक्टर एक, गटप्रवर्तक त्याच, डोंगर तोच, मोबदला अडकला तर सगळ्यांचा एकदमच अडकतो. त्यांची उत्तरं थोडीफार एकमेकींसारखी येणारच. हे साम्य ० (काहीच साम्य नाही) ते १ (केंद्रातल्या सगळ्यांचं उत्तर एकच) अशा मापावर ०.०५ इतकं किरकोळ धरलं तरी हिशोबाने या ३०० उत्तरांचं वजन स्वतंत्रपणे निवडलेल्या सुमारे १२२ जणींच्या उत्तरांइतकंच भरतं. त्यापेक्षा ३० केंद्रांमधून दहा-दहा आशा घेतलेल्या बऱ्या. खर्च आणि प्रवास वाढतो, पण माहितीही वाढते. आणि ज्यांनी काम सोडलं, त्या तर यादीतच नसतात. सगळ्यात जास्त थकलेल्या बहुधा त्याच, म्हणून गेल्या दोन वर्षांत काम सोडलेल्यांचे पत्ते शोधून त्यांनाही गाठायला हवं.

आणखी एक बाब अशा सर्वेक्षणांत सहज निसटते, ती म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आशाही त्यांच्यातल्याच. गावभर लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईचं स्वतःचं हिमोग्लोबिन ९ असेल, तर ती ‘सकाळी उठताच थकवा’ या प्रश्नावर टिक करणारच. तो थकवा कामाचा की रक्ताचा, हे प्रश्नावलीला कळत नाही. बोटातून एक थेंब रक्त घेऊन तपासलं तर कळेल. आणि ज्या दिवशी आपण तिला प्रश्न विचारायला जातो, त्याच दिवशी तिला त्यावरचे उपचारही मिळाले पाहिजेत.

हेच मनाच्या बाबतीत. नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रचलित प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. हा प्रश्न विचारून ‘हो’ हे उत्तर नुसतं तक्त्यात भरणं, ते तक्ते सहा महिन्यांनी उघडणं, याला मी संशोधन म्हणणार नाही. ‘हो’ म्हणणाऱ्या ताईशी त्याच दिवशी बोलणारं प्रशिक्षित माणूस तयार हवं. टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारची मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तो क्रमांक प्रत्येकीला द्यावा, पण तेवढ्यावर भागवू नये.

प्रश्न विचारणारी व्यक्ती आरोग्य खात्यातली नको, बैठकीची जागा नको, मोबाइल नंबरही मागायला नको. पल्स पोलिओचा आठवडाही टाळावा आणि संपाचा काळही. २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर आशा आणि गटप्रवर्तक काही आठवडे आंदोलनाला बसल्या होत्या. तेव्हा विचारलं असतं तर उत्तरांमध्ये त्या दिवसांचा राग आणि उमेद दोन्ही उतरलं असतं. एकदाच विचारण्यापेक्षा वर्षातून तीनदा, थोडक्यात विचारलेलं बरं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मासलाक आणि मायकेल लायटर यांनी पुढे कामाच्या सहा बाजू सांगितल्या, ज्या बिघडल्या की माणूस झिजतो: कामाचं ओझं, स्वतःच्या हातातले निर्णय, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. मनाच्या प्रश्नांशेजारी या सहांबद्दलचे साधे, मोजता येणारे प्रश्न हवेत. रजिस्टरं किती भरता? तीच माहिती मोबाइलवर पुन्हा भरावी लागते का? मागचा मोबदला कुठल्या तारखेला जमा झाला? बाळंतिणीसोबत गेल्यावर रात्री झोपायला जागा होती का? रिचार्ज आणि पेट्रोलचे पदरचे किती गेले? गृहभेटीला गेल्यावर कुणी शिवीगाळ केली का? ही उत्तरं थकव्याच्या आकड्यांना जोडून पाहिली की तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला हातात धरता येईल असं काही मिळतं. मोबदला तीन महिने रखडलेल्या केंद्रांमध्ये थकवा जास्त दिसला, तर तिथे ध्यानधारणेची कार्यशाळा घेऊन भागणार नाही. बिलं काढावी लागतील. ऑनलाइन फॉर्म जास्त असलेल्या ठिकाणी झोप कमी दिसली, तर दुहेरी नोंदी बंद करण्याचा निर्णय जिल्ह्याला घेता येईल.

निष्कर्ष आधी आशांनाच वाचून दाखवावेत, त्यांच्या भाषेत, डॉक्टर आणि अधिकारी समोर नसताना. ‘हे बरोबर नाही, आमच्याकडे असं नसतं’ असं म्हणायची मुभा त्यांना हवी, आणि त्यांनी केलेली दुरुस्ती अहवालात छापली जावी. सुचवलेल्यांपैकी निदान एक बदल, मग तो एक रजिस्टर कमी करण्याचा का असेना, पुढच्या फेरीच्या आधी झालेला असावा. तसं झालं तर दुसऱ्या वेळी तोच कागद हातात आल्यावर त्या खरं लिहितील.