कुत्र्याला खाऊ देताना

आमच्याकडून नाचणीची बिस्किटं, रताळ्याच्या चकत्या किंवा वाळवलेलं चिकन नेणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. खाऊ दुसरीकडून घेत असाल तरी वाचा, कारण यातला बराचसा भाग दुकानाबद्दल नसून घरच्या ताटाबद्दल आहे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, दिवसाला किती द्यायचा? दिवसभराच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांहून जास्त खाऊतून जाऊ नयेत, असं पशुवैद्य सांगतात. नसबंदी झालेल्या, बेताचं फिरणाऱ्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या ६०. चहाबरोबरचं एक ग्लुकोज बिस्कीट वीसेक कॅलरींचं असतं. सकाळी बाबांनी एक, दुपारी आजींनी एक, संध्याकाळी मुलांनी एक दिलं की दिवसाचा हिशेब संपला, आणि आमचं पाकीट अजून उघडलेलंही नाही! म्हणून सकाळीच दिवसभराचा खाऊ एका वाटीत काढून ठेवा. ज्याला लाड करायचे त्याने त्या वाटीतूनच करावेत. काही शिकवताना हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. कुत्र्याला काहीतरी मिळाल्याशी मतलब, ते केवढं आहे याच्याशी नाही.

आता ताटाकडे वळू. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसलेला पदार्थ शोधावा लागतो, आणि कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नेमक्या त्यानेच फुटतात. १० किलोच्या कुत्र्याने ५० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा कांदा एका वेळी खाल्ला तर विषबाधा होऊ शकते. कांदा शिजवला, तळला किंवा त्याची पूड केली तरी फरक पडत नाही. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर रविवारचा रस्सा घरात कुणाच्या लक्षातही नसतो. तर्रीचा तेलकटपणा वेगळाच. त्याने स्वादुपिंडाला सूज येते.

द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नकोत. किती खाल्ले तर चालतात याचा भरवशाचा आकडा नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, तर एखाद्याची मूत्रपिंडं थोडक्यातच बंद पडतात. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेची चटणी आणि आमटीही नको. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा द्यायचा मोह झाला, तर त्यातले बेदाणे आठवा. चॉकलेट जितकं काळं तितकं घातक, कोको पावडर त्याहूनही. बिनसाखरेच्या च्युइंग गमला गोडी आणणारं झायलिटॉल तर अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर खाली आणतं. काही पीनट बटरमध्येही ते असतं. पाकिटावर नुसता ९६७ हा आकडा छापलेला असेल, तरी अर्थ तोच.

विष नसूनही जिवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे हंगामाप्रमाणे येतात: उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं कणीस. दोन्ही गिळली जातात, आतड्यात अडकतात आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय निघत नाहीत. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. मटणाच्या नळीचा गोल तुकडा खालच्या जबड्यात कड्यासारखा बसतो; मग तो डॉक्टरांकडे जाऊन कापून काढावा लागतो.

गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, हे सगळं बिनमिठाचं चालतं. आमच्या पाकिटापेक्षा स्वस्तही पडतं, हे आम्हीच सांगतो. सुकट-बोंबील मात्र खारवलेले नसतील तरच.

चघळायच्या वस्तूंबद्दल आमचं मत जरा कडक आहे. अंगठ्याचं नख दाबून पाहा. नखाची खूण उमटत नसेल, तर ती वस्तू दातांसाठी फार टणक आहे. शिंगं, खूर आणि याकच्या दुधाचं कडक चीज यांनी वरच्या जबड्यातली मोठी दाढ चिरते, आणि कुत्रा दुखणं दाखवत नाही, खातच राहतो. कातड्याच्या गाठी मारलेली ‘हाडं’ आम्ही ठेवत नाही. ओली होऊन फुगलेली गाठ अख्खी गिळली, की घशात किंवा पोटात अडकते. कोणतीही चघळकाडी कुत्र्याच्या तोंडापेक्षा लांब असावी, आणि शेवटचा गिळण्याजोगा तुकडा काढून घ्यावा. काढून घेताना बदल्यात दुसरा खाऊ द्या, नाहीतर पुढच्या वेळी तो पळून जाऊन घाईने गिळेल.

पाकीट घेताना पुढचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. घटकांत मांस कोणत्या प्राण्याचं हे लिहिलेलं हवं, मीठ-साखर वरच्या ओळीत नको, आणि उत्पादनाची तारीख हवी. बरणीतला सुटा खाऊ आम्ही विकत नाही, कारण त्याला तारीखच नसते. पावसाळ्यात उघडलेलं पाकीट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. बुरशीचा वास आला तर खरवडून देऊ नका, सगळं टाका. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही.

वाळवलेलं मांस हाताळल्यावर हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या वाळवलेल्या कानांमुळे साल्मोनेला या जिवाणूची साथ आली. त्यात आजारी पडलेली दीडशेच्या वर माणसं होती.

कुत्र्याने नको ते खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. काय खाल्लं, किती आणि कधी, हे लिहून घ्या, वेष्टन सोबत घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

आमच्याकडे मागणी नोंदवताना कुत्र्याचं वजन, वय आणि त्याला काही वर्ज्य असेल तर ते सांगा. मूत्रपिंडाचा, यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्या होकाराशिवाय आम्ही अशा कुत्र्यासाठी खाऊ देत नाही. पिल्लांना चार महिन्यांपर्यंत आमचं वाळवलेलं चिकन नको, बिस्कीट दुधाऐवजी पाण्यात भिजवून द्या. उघडल्यावर वास किंवा रंग वेगळा वाटला, तर अर्धं पाकीटही परत आणा, पैसे मिळतील.