डिस्चार्जचा शेरा सहा महिन्यांनी आपोआप सुधारत नाही

अमेरिकी सैन्यात एक समज पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय: सेवामुक्तीच्या (डिस्चार्जच्या) वेळी ‘ऑनरेबल’ म्हणजे सन्मानपूर्वक या शेऱ्यापेक्षा खालचा शेरा घेऊन बाहेर पडलात, तर सहा महिन्यांनी तो आपोआप वर चढतो. हे साफ खोटं आहे. अर्ज केल्याशिवाय डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या दाखल्यावरचं एक अक्षरही बदलत नाही. वाट पाहण्यात मुदत तेवढी संपते.

अर्ज डीडी-२९३ फॉर्मवर, आपल्या दलाच्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे, सुटल्यापासून १५ वर्षांच्या आत. ती उलटली असतील किंवा डिस्चार्ज जनरल कोर्ट मार्शलच्या (सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठीच्या लष्करी न्यायालयाच्या) शिक्षेचा असेल, तर डीडी-१४९ भरून नोंदी दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे जायचं. तिथली ३ वर्षांची अट न्यायासाठी शिथिल होऊ शकते.

अर्ज फसतो तो ‘नंतर मी नीट वागलो’ एवढ्यावर भिस्त ठेवल्याने. रिव्ह्यू बोर्ड मुख्यतः दोन गोष्टी तोलतं: प्रक्रियेत नियम मोडला का, आणि शेरा अन्यायकारक होता का. म्हणून आधी सेंट लुईसच्या अभिलेखागारातून सेवेच्या सगळ्या नोंदी मागवा, मगच लिहायला बसा. वर्तनामागे पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक विकार), मेंदूची इजा किंवा लैंगिक अत्याचार असेल तर तसं स्पष्ट मांडा. संरक्षण खात्याच्या २०१४ आणि २०१७ च्या सूचनांनुसार अशा प्रकरणांकडे उदारपणे पाहणं बोर्डावर आहे. तेव्हाचे वैद्यकीय कागद नसतील तर आताचे जोडा. सोबतच्या सैनिकाचं लेखी निवेदनही चालतं.

उपचारांसाठी मात्र निकालापर्यंत थांबू नका. माजी सैनिकांचं व्हेटरन्स अफेअर्स खातं पात्रता स्वतंत्रपणे तपासतं.