चिपकडून ठोकळ्यांकडे : मायक्रोफ्लुइडिक्सची पार्श्वभूमी

मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे अतिशय बारीक वाटांतून द्रव खेळवून तपासणी करण्याचं तंत्र. ते वाढलं सिलिकॉनच्या आश्रयाने. १९७९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉनच्या चकतीवर गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे वायूंचं मिश्रण वेगळं करून तपासणारं उपकरण, कोरला गेला. १९९० मध्ये आंद्रेयास मान्झ यांनी नमुन्यापासून निष्कर्षापर्यंतची सगळी तपासणी एकाच छोट्या यंत्रणेत आणण्याची कल्पना मांडली. पण सिलिकॉनबरोबर धूळमुक्त खोली म्हणजे क्लीनरूम आली, नक्षी उमटवायचे मास्क आले, खर्च आला. १९९८ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या रबरासारख्या पदार्थात अशा बारीक वाटांची चिप झटपट ओतण्याची पद्धत दाखवली आणि काम बरंच सोपं झालं. तरी वाटेचं एक वळण बदलायचं म्हटलं की साचा नवा. साच्याचा नमुना म्हणजे पॅटर्न बदलला की किती काम वाढतं, हे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या, धातू ओतणाऱ्या फौंड्रीवाल्यांना सांगायला नको.

सुटे ठोकळे जोडून यंत्रणा उभी करण्याचा विचार या अडचणीतूनच आला. २०१४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात नोआ माल्मस्टॅट यांच्या गटाने थ्रीडी प्रिंटरवर सुटे भाग केले. प्रत्येकाचा प्रवाहाला होणारा अडथळा आधीच ठाऊक, त्यामुळे विजेच्या सर्किटसारखा हिशेब करून जोडणी करता येते. २०१८ मध्ये एमआयटीच्या क्रिस्टल ओवेन्स आणि जॉन हार्ट यांनी तर ठोकळा बनवलाच नाही. बाजारातल्या लेगोच्या विटांवर सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीच्या वाटा मिलिंगने, म्हणजे फिरत्या कटरने कोरल्या, वरून पारदर्शक फिल्म चिकटवली आणि जोडावर गळती रोखणारी रबरी कडी म्हणजे ओ-रिंग बसवली. मला हे पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं, कारण विटांची अचूकता त्यांना आयती मिळाली. ती विटांच्या साच्यात, म्हणजे डायमध्येच होती.

अचूकतेला इथे एवढं महत्त्व का? गोल वाटेचा व्यास दहा टक्क्यांनी घटला, तर अडथळा दीडपटीहून जास्त होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. जोड किंचित सरकला तरी गळती. म्हणजे प्रश्न क्लीनरूममधून मशीनशॉपमध्ये आला. कोल्हापूरच्या उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावात व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) जॉबवर्क करणारे रोज मायक्रॉनमध्येच, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात बोलतात. तिथल्याच शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकाने अशा ठोकळ्याचं ड्रॉइंग घेऊन तिथे जावं, असं मला मनापासून वाटतं.

मर्यादा आहेतच. एकेकट्या पेशीच्या कामाला अर्धा मिलिमीटर फार मोठा. लेगोचं एबीएस प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून अशा सॉल्व्हंटच्या (विरघळवणाऱ्या द्रवांच्या) कामाला दुसरं प्लॅस्टिक निवडावं लागतं आणि त्या ठोकळ्यांची डाय स्वतःच करावी लागते.